उसवलेला टप

नवीन गिऱ्हाईक आलं की टपवाली त्याला आधी एकच गोष्ट सांगायची. "साहेब, गाडीची दारं उघडी ठेवत जा."

गिऱ्हाईक चमकायचं. दोन माणसांची जुनी गाडी, वर कापडाचा टप, पोटच्या पोरासारखी जपलेली, आणि ही बाई म्हणते कुलूप लावू नका! मग ती दातांत धरलेली सुई काढून समजावायची. दार बंद दिसलं की चोर टप फाडणार. ब्लेडचा एक फटकारा, संपलं. आत काही सापडो न सापडो, तुमचा टप कामातून गेला. त्यापेक्षा दार उघडं राहू द्या. आत काही ठेवू नका, त्याला काय उचकापाचक करायची ती करू द्या. गाडी हलली नाही म्हणजे झालं. "आणि ती हलू नये, याची सोय मागे होते," असं म्हणून ती सुईनेच शेडच्या मागच्या भागाकडे दाखवायची. तिथे वायरवाला बसायचा.

शेड एकच, शटर एकच. पुढचा अर्धा भाग तिचा: लांबलचक टेबल, पायाने चालवायचं दणकट मशीन, कापडाचे गठ्ठे आणि चामड्याचा वास. मागचा अर्धा वायरवाल्याचा. तिथे एक अवजड लाकडी बाक, त्यावर वायरींची भेंडोळी आणि एक ट्रान्झिस्टर, जो तो कधी लावायचा नाही, फक्त दुरुस्त करत राहायचा. तिच्या नवऱ्याने आणि वायरवाल्याने तरुणपणी मिळून ही शेड घेतली होती. नवरा गेला, तेव्हा मुलगी शाळेत होती. लोकांना वाटलं, आता बाई काम बंद करील. तिने पंधरवड्यात शटर उघडलं. वायरवाला तेव्हाही आपल्या अर्ध्या भागात बसलेला होता आणि त्यानंतरही त्याने तिच्या भागात कधी एक खिळा ठोकला नाही. तो तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भाऊजी. दिवसभरात दोघांचं बोलणं मोजकंच. "चहा?" "हो." "दोरा संपलाय." "मी तिकडेच जातोय."

पण दोघांचं काम मात्र एकमेकांत गुंतलेलं होतं. या जुन्या गाड्यांना किल्ली म्हणजे नुसता मानाचा कारभार. दोन वायरी एकमेकींना लावल्या की इंजिन सुरू. म्हणून वायरवाला आतल्या आत एका ठिकाणी वायर तोडायचा आणि तिथे एक बटण बसवायचा. त्याला तो चोरबटण म्हणायचा. ते दाबल्याशिवाय गाडी हूं की चूं करायची नाही. बटण कुठे बसवायचं, हेच तर कसब. सीटच्या कडेखाली, दाराच्या खणाच्या तळाशी, कुठे मागच्या पट्टीच्या आत. आणि वायरवाल्याचं काम झालं की तो हाक मारायचा, "वहिनी, झाका." मग ती शटर अर्धं खाली ओढायची आणि त्यावर चामडं अशा बेताने शिवायची, की मालकाच्या बोटाला बटण लागावं, पण दुसऱ्याच्या डोळ्यांना शिवणीपलीकडे काही दिसू नये.

अशी गावातल्या निम्म्या जुन्या गाड्यांची बटणं तिच्या डोक्यात होती. तिने कधी कुणापाशी ब्र काढला नाही. "मी झोपेतसुद्धा बोलत नाही," ती म्हणायची. "आणि बोलले तरी ऐकायला आहे कोण?" एवढ्या विनोदावर स्वतःच हसायची आणि पुन्हा मशीनवर पाय ठेवायची.

स्वभावाने मात्र ती गरीब नव्हती. नाकावर माशी बसू द्यायची नाही. विशेषतः कापडावर कुणी सुरी धरली, की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. इतर ठिकाणी जुना टप काढताना सरळ कापून काढतात. वेळ वाचतो. ती एकेक टाका आकडीने उसवायची, गाठ सोडायची, दोरा ओढून काढायची आणि त्या दोऱ्याचं बोटाएवढं वेटोळं करून बाजूला ठेवायची. जमिनीवर दोरा दिसलेला तिला चालायचा नाही. जुनं कापड अख्खं निघालं तरच नव्याचं माप बरोबर येतं, असं तिचं म्हणणं. पण खरं कारण माप नव्हतंच. तिला शिवलेलं कापड कापलेलं बघवायचंच नाही.

"कापडाने काय घोडं मारलंय तुझं?" हे वाक्य त्या शेडमध्ये जावयाने जितक्या वेळा ऐकलं असेल, तितक्या वेळा स्वतःचं नावही ऐकलं नसेल.

जावई म्हणजे लेकीची स्वतःची पसंती. आधी चपलांच्या दुकानात होता. ते दुकान बसलं, तेव्हा "दुसरं मिळेपर्यंत" म्हणून सासूच्या हाताखाली आला. दुसरं काही मिळालं नाही. राहायलाही ती दोघं तिच्याकडेच आली. दोन खोल्या, मधे पडदा. पुढे नात झाली, पडदा बदलला, बाकी सगळं तसंच राहिलं. टपवालीने एक शिस्त मात्र पाळली होती. शेडमध्ये ती त्याला "अरे" म्हणायची आणि घराचा उंबरा ओलांडला की "अहो". दिवसभर "अरे, हात आहे की पाय तो?" ऐकलेल्या माणसाला संध्याकाळी "अहो, जेवायला बसा" ऐकताना काय वाटत असेल, याचा तिने कधी विचार केला नव्हता. त्याने कधी सांगितलंही नाही. तो मान खाली घालून शिकत गेला. हात कधी फार साफ झाला नाही, पण टाका मजबूत घालायला लागला. उसवायला तर छानच शिकला. दर काही दिवसांनी रात्री जेवताना तो म्हणायचा, "आई, आपण वेगळं एक छोटं शटर बघावं म्हणतो, फक्त सीटकव्हरचं." ती म्हणायची, "आधी एक शिवण सरळ घाला, मग शटर बघा."

तर दातांच्या डॉक्टरांची गाडी आली ती याच शेडमध्ये. फिकट हिरवी, बुटकी, समोर दोन दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले, आत लाकडाचं स्टिअरिंग. डॉक्टर जुन्या गाड्यांच्या क्लबातले. रविवारी सगळे आपापल्या गाड्या घेऊन गावाबाहेर जायचे, चहा प्यायचे, एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवायचे आणि परत यायचे. डॉक्टरांना चोरीची भारी धास्ती. स्टिअरिंगला लोखंडी दांडा, दांड्याला कुलूप, वर चोरबटण. टपही त्यांनी नवा करून घेतला, चांगल्या जाड कापडाचा. टपवालीने आणि जावयाने मिळून तो शिवला. बटण वायरवाल्याने ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीमागे, चामड्याच्या घडीत बसवलं. "वहिनी, झाका," तो म्हणाला. सीट जड होती. जावयाने ती धरली, तिने शिवली.

"आणि डॉक्टर, दारं उघडी ठेवत जा बरं का," तिने निघताना सांगितलं.

डॉक्टर तोंडभर हसले. "मावशी, मी दवाखान्याचा संडाससुद्धा उघडा ठेवत नाही."

गाडी गेली ती एका सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी. डॉक्टर बाहेरगावी होते. दवाखान्याच्या इमारतीखालून कुणीतरी ती शांतपणे चालवत घेऊन गेलं. समोरच्या इस्त्रीवाल्याने बघितलीही होती, पण त्याला वाटलं डॉक्टरच आहेत. थोड्या दिवसांनी ती एका बंद पडलेल्या गोदामामागे सापडली. लाकडी स्टिअरिंग नाही, दिवे नाहीत, समोरची गोल घड्याळं नाहीत. नुसता सांगाडा.

डॉक्टर आणि क्लबातले दोघे-तिघे गाडी ट्रकवर घालून शेडमध्येच घेऊन आले. डॉक्टरांचा चेहरा पडला होता, आवाज मात्र चढलेला.

"दांडा करवतीने कापला, ते ठीक. पण बटण? बटण त्याला सापडलं कसं? कुठे उचकलेलं नाही, काही नाही. सरळ हात घातला आणि दाबलं! ती जागा फक्त दोघांना माहीत होती. एक मी, आणि दुसरे हे." त्यांनी वायरवाल्याकडे बोट केलं.

टपवाली टेबलाशी उभी होती. हातात माप घ्यायची पट्टी. तिला वाटलं, आता डॉक्टरांच्या लक्षात येईल, आता ते आपल्याकडे वळतील. पण ते वळले नाहीत. क्लबातलंही कुणी वळलं नाही. ते चामडं त्या बटणावर कोणी शिवलं, हा प्रश्न त्या सगळ्या शिकलेल्या डोक्यांत कुठे नव्हताच. जणू चामडं आपोआप मिटलं होतं.

वायरवाल्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं. मग बाकावर हात टेकून म्हणाला, "मी नाही केलं, डॉक्टर."

"मग कुणी केलं?"

"ते मला माहीत नाही."

"तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं का?"

वायरवाल्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर पुसला, जागेवर ठेवला आणि पुन्हा उचलून पुसला. क्लबातला एकजण म्हणाला, "बघा, बोलतात का!" दुसऱ्या दिवशी पोलिसांनी त्याला चौकशीला नेलं. दोन रात्री ठेवून घेतलं. हाती काही लागलं नाही म्हणून सोडलं. तो परत आला तो दाढी वाढलेला आणि नेहमीपेक्षा वाकलेला. बाकाशी बसला. टपवालीने न विचारता चहा पुढे केला. त्याने घेतला.

त्यानंतर मागच्या भागात एकही गाडी गेली नाही.

टप बघायचा तिने बरेच दिवस टाळला. डॉक्टरांचा निरोप आला, "टप फाडलाय, शिवायला घ्या." पोलिसांच्या कागदातही "टप फाडून" असंच होतं. एका सकाळी जावई बाहेर गेला होता, वायरवाला अजून यायचा होता, तेव्हा तिने चष्मा लावला आणि गाडीच्या ड्रायव्हरच्या बाजूला उकिडवी बसली.

टप फाडलेला नव्हता.

दाराच्या वरच्या कडेला, हात आत जाईल एवढीच शिवण सुटलेली होती. कापडाला ओरखडा नाही. तिने बोट फिरवलं. प्रत्येक टाक्याचं भोक जिथल्या तिथे, गोल, शाबूत. गाठ ती नेहमी टपाच्या कडेच्या पट्टीच्या घडीत दडवायची, डाव्या टोकाला. बाहेरच्या माणसाला ती जन्मात सापडली नसती. ती आधी सोडलेली होती आणि मग एकेक टाका उसवत नेला होता. घाई नाही, ओढाताण नाही. लोखंडी दांडा कापताना ज्याचा हात कचरला नव्हता, तो कापडापाशी येऊन थांबला होता.

तिने पट्टीची घडी उलटली. आत बोटाएवढं दोऱ्याचं वेटोळं नीट खोचून ठेवलेलं होतं.

गुडघे भरून आले, तेव्हा ती गाडीच्या चाकाला धरून उठली. तिच्या मनात पहिला विचार आला तो लाज वाटावी असाच होता. किती स्वच्छ उसवलंय, असं तिच्या मनात आलं.

घरी गेल्यावर तिने नातीला शेजारी खेळायला पाठवलं आणि दार लोटलं. लेक भाजी निवडत होती. जावई पंख्याखाली बसला होता.

"कापलं का नाहीस?" तिने विचारलं.

उंबऱ्याच्या आत ती त्याला पहिल्यांदाच "तू" म्हणाली होती. लेकीने चमकून वर पाहिलं. जावयाने काही न कळल्याचं सोंग आणलं, पण ते त्याला जमलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर आधी भीती आली आणि मग, नवल म्हणजे, वैताग.

"नवीन कापड होतं, आई," तो म्हणाला. "कापलं असतं तर तुम्ही ओरडला असता."

टपवालीला हसू येतंय की रडू, हे तिचं तिलाच कळेना. चोरी करतानाही सासूची भीती! पोलिसांची नाही, डॉक्टरांची नाही, देवाचीही नाही.

"दार उघडं असेल असं वाटलं होतं मला," तो पुढे म्हणाला, जणू चूक डॉक्टरांचीच. "तुम्ही सगळ्यांना सांगता ना. दार बंद निघालं. मग काय करणार?"

"परत यायचं होतंस."

"परत कुठे? तुमच्या टेबलाशी?" आता त्याचा आवाज सुटला. "आयुष्यभर 'हात आहे की पाय' ऐकायला? सुट्या भागांचा एकजण आहे. तो म्हणाला एवढं आणून दे, माझ्याच दुकानाशेजारी तुला गाळा बघतो. मला माझं शटर हवंय, आई. माझ्या पोरीने मला कुणी 'अरे' म्हटलेलं ऐकू नये, एवढंच."

"आणि भाऊजींचं काय? त्यांच्यावर आलं सगळं."

"सोडलं ना त्यांना."

"सोडलं! गिऱ्हाईक येतंय का एक तरी? अख्ख्या क्लबाने वाळीत टाकलंय. या वयात कुठे जाईल तो माणूस?"

लेकीला ठाऊक होतं, हे टपवालीला तिच्या हातांवरून कळलं. भाजी निवडून झाली होती आणि ती निवडलेलीच पुन्हा निवडत होती.

"आई, तू डॉक्टरांना सांगणार आहेस का?"

"मग काय करू?"

"माझ्या पोरीच्या बापाला आत घालणार?"

"मी घालत नाहीये. त्याने केलंय."

लेकीने ताट बाजूला सारलं. "भाऊजी, भाऊजी! बाबा गेल्यापासून बघतेय मी. घरात कुणाला बरं नसलं तर चालतं, पण भाऊजींचा चहा चुकत नाही. आम्हाला काय दिसत नाही? लोक काय बोलतात ते मी कधी तुला येऊन सांगितलं नाही, एवढंच."

टपवालीने लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड तिच्या बापासारखंच होतं, हनुवटीला तीच खळी. इतक्या वर्षांत वायरवाल्याने टपवालीच्या हातून चहाचा कप घेतानासुद्धा बोटाला बोट लागू दिलं नव्हतं. हे सांगायचं कुणाला, आणि सांगून सिद्ध काय करायचं? ज्या मुलीसाठी पंधरवड्यात शटर उघडलं, तिनेच आज हे तोंडावर फेकलं होतं. सांभाळून ठेवलं होतं आणि वेळ बघून काढलं.

"बोल ना आता," लेक म्हणाली. मग एकदम रडायला लागली. "आई, तुझ्या पाया पडते. ती लहान आहे गं."

शेजारून नातीच्या हसण्याचा आवाज येत होता.

टपवालीने मनाशी एक मधला मार्ग काढला. शिवणकाम करणाऱ्या बाईला कापड कमी पडलं की ती जोड देते, तसाच. जावयाचं नाव घ्यायचं नाही. फक्त एवढंच सांगायचं, की जागा मलाही माहीत होती. म्हणजे भाऊजींवरचा सगळा भार जाईल. आपल्यावर येईल तो येवो. पोलीस आपल्याला नेतील, नेऊ देत. हा विचार करताना तिला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

ती दवाखान्यात गेली. गाल सुजलेल्या माणसांच्या रांगेत बसून राहिली. डॉक्टर मधेच बाहेर आले, हातात मोजे, मास्क हनुवटीवर.

"काय मावशी, दात?"

"नाही. बटणाचं बोलायचं होतं. तुम्ही म्हणालात, जागा दोघांनाच ठाऊक होती. तसं नाही. मलाही ठाऊक होती. चामडं मीच शिवलं."

डॉक्टर मोठ्याने हसले. रांगेतला एकजणही, गालावर हात ठेवूनच, हसला.

"मावशी! म्हणजे करवत घेऊन तुम्ही आलात माझी गाडी पळवायला?"

"तसं नाही, पण..."

"तुम्हाला त्याची दया येते, मला कळतंय. इतकी वर्षं शेजारी बसलात. पण त्याच्यासाठी स्वतःवर कशाला ओढवून घेता? तुमच्यावर संशय घेण्याइतका मी मूर्ख वाटलो का?" त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. "उलट बरं झालं आलात. गाडी पुन्हा उभी करतोय मी. बटण नव्या जागी हवं. वायरवाल्याकडे तर आता कुणीच जाणार नाही. तुमचे जावई करतात का वायरिंगचं? हुशार दिसतात. घरचा माणूस असला की मला विश्वास."

आता बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं. टपवालीने तोंड उघडलं आणि तिला जाणवलं, की आपली छाती हलकी झाली आहे. डॉक्टर हसले, त्या क्षणापासूनच. आपण आलो, आपण सांगितलं, त्यांनी मानलं नाही. आता आपण काय करणार?

"विचारते त्यांना," ती म्हणाली.

बाहेर पडताना तिचे पाय भरभर पडत होते. घरी पोचल्यावर ती लेकीला फक्त म्हणाली, "काही बोलले नाही मी." लेकीने तिला घट्ट मिठी मारली. कितीतरी वर्षांनी. त्या मिठीतही टपवालीला कळत होतं, की ही आपल्याला मिळालेली किंमत आहे, आणि तरीही ती बाजूला झाली नाही. लेकीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

वायरवाल्याने शेड सोडायचं ठरवलं, ते त्याने एका वाक्यात सांगितलं. "पुतण्याचं पंख्यांचं दुकान आहे, तिकडे बसेन. पंख्यांच्या मोटारींना तार गुंडाळेन." जायच्या दिवशी त्याने हातगाडी बोलावली. वायरींची भेंडोळी पोत्यात भरली. ट्रान्झिस्टर कापडात गुंडाळला. टपवाली टेबलाशी उभी राहून बघत होती. जावई अजून आला नव्हता.

"भाऊजी," ती म्हणाली, "मी गेले होते डॉक्टरांकडे."

तो पोत्याचं तोंड बांधत होता. थांबला नाही. "सांगितलंत?"

"सांगितलं, मलाही जागा ठाऊक होती म्हणून."

"मग?"

"हसले."

वायरवाल्याने गाठ मारली. ती पक्की आहे का, ते ओढून पाहिलं. मग वर बघितलं. त्याच्या नजरेत राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

"हसले, म्हणून घरी आलात?"

तिने टेबलावरचं कापड उगाच सरळ केलं.

"टप मी पण बघितला, वहिनी," तो हळूच म्हणाला. "चौकीतून आलो त्याच दिवशी. मला शिवणीतलं काही कळत नाही, पण इतकी वर्षं तुमच्यामागे बसलोय. ते दोऱ्याचं वेटोळं... एवढं मला कळतं."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"मी बोललो असतो तर पोलीस तुमच्या दाराशी आले असते. ते मला करायचं नव्हतं." त्याने पोतं खांद्याला लावून पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवलं. "वाट बघितली मी. रोज वाटायचं, आज वहिनी बोलतील. तुमचं तोंड काही लहान नाही. कापडावर कुणी सुरी धरली तर अख्खी गल्ली गोळा करता."

तो हे कुजकटपणे म्हणाला नाही. नुसतं म्हणाला. टपवालीला वाटलं, आता निदान रडू यावं. तेही आलं नाही.

तेवढ्यात जावई आला. त्याने हातगाडी पाहिली, रिकामी होत आलेली मागची बाजू पाहिली आणि क्षणभर दारातच घुटमळला. उद्यापासून ती जागा त्याची होती. डॉक्टरांना होकारही कळवून झाला होता. आता फक्त बाक उरला होता. एकट्याला तो हलण्यासारखा नव्हता आणि हातगाडीवाला पलीकडे पाणी प्यायला गेला होता. वायरवाल्याने एक टोक उचलायचा प्रयत्न केला, तसा जावई पुढे झाला.

"थांबा, थांबा, काका. मी धरतो ना."

वायरवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. टपवालीला वाटलं, हा माणूस आता तरी काही बोलेल. हात झटकील, निदान "राहू दे" म्हणेल.

"गुडघ्यात वाकून उचल," वायरवाला म्हणाला. "नाहीतर पाठ धरेल."

दोघांनी मिळून बाक उचलला. दोन टोकांना दोघं, पावलं टाकत ते तिच्या टेबलाजवळून पुढे निघाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या बाकाने मधली हद्द ओलांडली. जावयाच्या कपाळावर घाम आला होता. म्हाताऱ्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. दोघांपैकी कुणीही तिच्याकडे बघत नव्हतं. शटरपाशी बाक अडला. ती धावत पुढे गेली, एका हाताने शटर वर रेटून धरलं आणि दुसरा हात हवेत नाचवत ओरडली, "डावीकडे! अरे, डावीकडे घ्या जरा, खांबाला लागेल!"